फाल्गुनात ढीग, मृगाला खत

नव्या घराची वास्तुशांत झाली की पुढच्याच रविवारी माणसं नर्सरीत जातात आणि गाडीची डिकी भरून रोपं आणतात. माझं सांगणं आहे की थोडं थांबा. इंदूरमध्ये घर बांधलं असेल आणि भोवती चार हात मोकळी जमीन मिळाली असेल, तर आधी एक पानगळ येऊन जाऊ द्या. ती डोळे भरून बघा, तिची पानं गोळा करा, अंगणाच्या कोपऱ्यात कुजवा आणि मृगाचा पाऊस पडला की मग पहिलं रोप लावा. आपल्याकडं वेळ फार छान जुळून येते. पानं पडतात फाल्गुनात, आणि नीट रचलेला ढीग तीन महिन्यांनी, ऐन पावसाच्या तोंडावर, काळंभोर खत होऊन हातात येतो.

आम्ही रामबागेतला वाडा सोडून राऊच्या बाजूला राहायला आलो. वाड्यात बाग म्हणजे ओटल्यावरच्या कुंड्या आणि चौकातली तुळस. इथं घरामागं जमिनीची एक लांब पट्टी मिळाली. तिच्यावर जे केलं आणि अजून दर वर्षी करते, तेच लिहिते आहे.

पानगळ आपल्याकडं कधी येते

अमेरिकेतली भाची ऑक्टोबरमध्ये लाल मेपलचे फोटो पाठवते आणि विचारते, मावशी, तुमच्याकडं असं काही नसतं का गं? असतं, पण ऑक्टोबरात नसतं. तिकडं झाडं थंडीच्या आधी पानं टाकतात, इकडं उन्हाळ्याच्या आधी. ऑक्टोबरात आपल्या जमिनीत पावसाची ओल भरपूर असते. ती माघ-फाल्गुनात खोल जाते, हवा कोरडी होते, आणि पानांवाटे उडून जाणारं पाणी झाडाला परवडेनासं होतं. तेव्हा ते पान सोडतं.

सगळी झाडं एकदम सोडत नाहीत, आणि खरी मजा या क्रमात आहे. चाफा सगळ्यात आधी, थंडीतच बोडका होतो. काटेसावरीची पानं जातात आणि माघात तिच्यावर लाल फुलं येतात. मग बदाम रंगतो. हा आपला रस्त्याकडेचा, मजल्यासारख्या आडव्या फांद्यांचा बदाम. होळीच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा त्याच्यावर पान जवळजवळ नसतंच. महू-चोरलकडच्या टेकड्यांवर साग तोवर खराट्यासारखा झालेला असतो आणि जंगलात चालताना त्याची ताटाएवढी पानं पायाखाली मोडतात. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवसांत गावातल्या कडुनिंबांखाली पिवळी रास पडलेली असते. गुढीपाडव्याला गुढीला बांधायला त्याच कडुनिंबाची तांबूस कोवळी पालवी मिळते. करंज त्याच्याही नंतर, आणि बहावा चैत्र-वैशाखात पानं टाकून पिवळ्या घोसांनी लगडतो.

पिंपळाचं काही सांगता येत नाही. एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळ घ्या: एक पूर्ण रिकामा, दुसऱ्यावर गुलाबी पालवी चमकत असते. म्हणून एक वही करा. गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या झाडापुढं तारीख लिहा: पान पिवळं कधी पडलं, झाड रिकामं कधी झालं, पालवी कधी आली. पुढच्या वर्षी पानं गोळा करायला कोणत्या झाडाखाली कोणत्या आठवड्यात जायचं ते या वहीवरून ठरवता येतं.

कुठं बघावं? रेसिडेन्सीच्या रस्त्यांवर जुनी, भरगच्च झाडं आहेत, तिथं सकाळी लवकर चाला. सिरपूर तलावाला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पानं गळल्यावर तिथं दुर्बीण घेऊन जाण्यात जास्त अर्थ आहे, कारण पानांआड लपणारे पक्षी आणि गेल्या मोसमातली घरटी उघडी पडतात. एक रविवार काढून मांडवला जा. तिथल्या गोरखचिंचा थंडीपासून पाऊस येईपर्यंत पूर्ण निष्पर्ण असतात, आणि ते अवाढव्य खोड बघायचं तर पानं नसतानाच बघावं.

एक पान हातात घ्या

बदामाचं नुकतं पडलेलं लाल पान उचला. देठाचं टोक बघा. फांदीवरून ओरबाडलेल्या पानाचा देठ फाटलेला असतो, याचा स्वच्छ आणि गुळगुळीत असतो. झाडानं पान टाकायच्या आधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार केलेला असतो. त्या थरावर पान सुटतं आणि फांदीवरची जखम आधीच बुजलेली असते.

आता पान उजेडात धरा. मोठ्या शिरांच्या कडेला अजून थोडं हिरवं रेंगाळलेलं दिसेल. मध्ये पिवळा, आणि जिथं थेट ऊन लागत होतं तिथं तांबडा-लाल. नीट बघितलं तर कधी कधी लाल भागावर स्वच्छ कडेचा पिवळा आकार सापडतो. वरच्या दुसऱ्या पानाची सावली तिथं पडत होती. पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतो, फक्त हिरव्याखाली झाकलेला. हरितद्रव्य मोडून झाड त्यातला नत्र फांदीत परत ओढून घेतं, तेव्हा तो पिवळा उघडा पडतो. लाल मात्र शेवटच्या दिवसांत नव्यानं तयार होतो, पानातल्या साखरेपासून, आणि त्याला ऊन लागतं. सावलीपुरता तेवढा भाग पिवळाच राहतो.

हे समजून घेतल्यावर ढिगाचं गणितही कळतं. पडलेल्या पानातला बराचसा नत्र झाडानं काढून घेतलेला असतो, उरतो तो मुख्यतः कर्ब. म्हणून नुसती सुकी पानं महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात. त्यांना शेण किंवा ओला कचरा मिळाला की काम धडाक्यात सुरू होतं.

पिवळं पडलं म्हणून घाबरू नका

पहिल्याच वर्षी कुणी सीताफळ किंवा चाफा भेट दिला, आणि फेब्रुवारीत त्याची पानं झडली, की घरातलं प्रत्येक माणूस त्याला जास्तीचं एक तांब्या पाणी घालून जातं. विश्रांती घेणाऱ्या झाडाला त्या पाण्याचा उपयोग नाही, चिकण काळ्या मातीत मुळं मात्र कुजतात. बारीक फांदीवर नखानं हलकेच ओरखडा काढा. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला त्याच्या वेळेनं पालवू द्या.

वेगळं लक्षण असं: पान कोवळं आहे, शेंड्याचं आहे, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लिंबू, मोगरा, जास्वंद यांच्यावर हे आपल्याकडं फार दिसतं. ही पानगळ नव्हे. आपली माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. कुजलेल्या पानांचं खत दर वर्षी घालत गेलं की हे कमी होत जातं. तातडीनं हवं असेल तर कृषी केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, आणा आणि पाकिटावरच्या मात्रेनं द्या.

आधी जमीन तपासा

नव्या घराची जमीन ही बहुतेक वेळा जमीन नसतेच. प्लॉट उंच करायला टाकलेला मुरूम, त्यावर विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा मसाला, फरशीच्या कपच्या, प्लास्टिकच्या पन्न्या, आणि सगळ्यावर शेवटच्या दिवशी ठेकेदारानं पसरलेली ट्रॉलीभर काळी माती. वरून छान दिसतं. गेंती, म्हणजे टिकाव, घेऊन दोन-तीन ठिकाणी दोन फूट खोल खणा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जिथं झाड लावायचं आहे तिथला मलबा तगारीनं उचलून बाहेर काढावाच लागतो, त्याला दुसरा उपाय नाही. सिमेंटचा मसाला माती आणखी अल्कधर्मी करतो, आणि आपली आधीच तशी आहे.

मग पाणी किती मुरतं ते बघा. खड्डा पाण्यानं भरा, ते जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर त्या जागी लिंबू लावू नका. तिथं उंच वाफा करायचा.

माळव्याची काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर, त्यामुळे पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, इतक्या की आत हात जावा. अन्न धरून ठेवण्यात तिच्यासारखी माती नाही. कमी असते ती हवा. ती मोकळी करायला लोक रेती आणून ओततात. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. थोडीथोडकी रेती चिकणमातीत मिसळली की सगळं मिळून आणखी घट्ट बसतं. या मातीत जीव आणतं ते कुजलेलं पान, आणि ते दारात फुकट पडलेलं असतं.

पानं कुठून आणायची

नव्या कॉलनीत मोठी झाडं नसतात, हे खरं. जुन्या वस्तीतल्या नातेवाइकांना, देवळाच्या पुजाऱ्यांना, शाळेच्या माळ्याला सांगून ठेवा. पिंपळाखाली देऊळ असतंच, आणि तिथं रोज सकाळी पानांचा ढीग निघतो. सकाळी झाडणाऱ्या ताईंना आदल्या दिवशी रिकामी पोती देऊन ठेवली की त्या आनंदानं भरून ठेवतात. चहा-पोहे विचारावेत, त्यांचं काम फार कष्टाचं आहे.

पानं जाळणं इंदूरमध्ये आता कुणी करत नसेल असं वाटतं, पण रिकाम्या प्लॉटवर धूर अजून दिसतो. घनकचरा नियमांनुसार कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा आहे. शेजाऱ्यांना नियम ऐकवण्यापेक्षा तुम्हीच विचारा, "काका, तुमची पानं मी नेऊ का?" बहुतेक जण पोतं आणूनही देतात.

सगळी पानं सारखी नाहीत. कडुनिंब, शिरीष, करंज, सुबाभूळ यांची पानं बारीक, लवकर कुजणारी. ढिगाचा कणा यांचाच असावा. पिंपळ आणि बदाम मधले. साग आणि आंबा चिवट, त्यांना आधी चुरा करावं लागतं. निलगिरी मी आणत नाही. तिच्या पानांतली तेलं इतर रोपांची वाढ रोखतात आणि ती कुजायलाही वेळ घेतात. गाजरगवत बी धरलेलं असेल तर चुकूनही आत जाऊ देऊ नका. बुरशी-किडीनं भरलेली पानं बाजूला काढा. रस्त्यावरच्या पानांत गुटख्याच्या पुड्या आणि पन्न्या असतातच, त्या पोतं रिकामं करताना वेचून घ्या, नंतर खतातून वेचणं त्रासाचं होतं.

एक सोय सांगते. पानं गोळा करा सकाळी, दवानं ती थोडी दमट असतात, उडत नाहीत. चुरा करा दुपारी. पोतं अर्धं भरा, तोंड बांधा, दुपारी तीनच्या उन्हात तापू द्या आणि पायानं तुडवा. कडक झालेली पानं हातासरशी भुगा होतात. मुलं घरात असतील तर हे काम त्यांना द्या, ती आनंदानं करतात.

ढीग: इंदूरचीच पद्धत

खत करण्याच्या पद्धती शेकडो आहेत. मी ज्या पद्धतीनं करते तिला जगभर इंदूर पद्धत म्हणतात, आणि ती खरोखर इथंच, आपल्या गावात तयार झाली. बिहारमधल्या पुसाच्या संशोधन संस्थेत वीस वर्षं काढून अल्बर्ट हॉवर्ड 1924 मध्ये इंदूरला आले. होळकर संस्थानानं दिलेल्या जमिनीवर त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. तिथं कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, गोठ्यातलं शेण आणि गोमूत्र मुरलेली माती यांचं तीन महिन्यांत खत कसं होईल याचे त्यांनी काटेकोर प्रयोग केले. या कामात त्यांच्याबरोबर रसायनशास्त्र सांभाळणारे यशवंत वाड होते, आणि 1931 मध्ये निघालेल्या पुस्तकावर दोघांची नावं आहेत. हॉवर्ड यांचं नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येतं. वाडांचं क्वचित येतं. इंदूरच्या मराठी घरात तरी ते घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आता घरच्या मापानं कसं करायचं ते.

जागा घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला निवडा, जिथं दुपारचं ऊन येत नाही. वैशाखातलं ऊन ढीग वाळवून टाकतं. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. सुका पाचोळा भिंतीला टेकला की वाळवीला वाट मिळते, आणि नव्या चौकटींना ते परवडायचं नाही. खाली फरशी नको, माती हवी. बांधकामातल्या उरलेल्या विटा असतीलच. त्या मसाल्याशिवाय, मध्ये बोटभर फट ठेवून तीन बाजूंनी रचा. आतली जागा किमान तीन फूट लांब, तीन फूट रुंद असावी आणि ढीगही तेवढाच उंच व्हावा. याहून लहान ढीग आतून तापत नाही, आणि तापला नाही तर तीन महिन्यांत होत नाही.

तळाला तुरीच्या काड्या किंवा कापलेल्या फांद्या वीतभर पसरा, हवा खालून येते. पानं आदल्या रात्री ड्रममध्ये भिजत घाला. कोरड्या पानांवर नळी धरली तर पाणी वरून निथळून जातं आणि आत सगळं कोरडं राहतं. भिजलेल्या पानांचा वीतभर थर द्या. त्यावर ताजं शेण पाण्यात कालवून ओता, थर नीट माखेल इतकं. राऊकडच्या गोठ्यांतून किंवा दूधवाल्याला सांगून पाटीभर शेण सहज मिळतं. शेण नको असेल तर भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, देवघरातलं निर्माल्य यांचा दोन बोटं थर द्या. वर मूठभर बागेतली माती आणि चिमूटभर राख भुरभुरा. होळीच्या दुसऱ्या दिवशी लाकूड-गोवऱ्यांची राख कॉलनीत मिळतेच. हॉवर्ड-वाड यांच्या कृतीत आम्लता आवरायला राख आहे. आपली माती अल्कधर्मी असल्यानं मी ती अगदी बेतानं घालते. असे थर चढवत न्या, पायानं दाबू नका. ढीग पूर्ण झाला की एक जाड बांबू वरून तळापर्यंत दोन-तीन जागी खुपसा आणि काढून घ्या. ती भोकं हवेसाठी. वरून ओलं पोतं टाका.

ओल किती हवी? ढिगात हात घालून मूठभर काढा आणि पिळा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. मार्च-एप्रिलमध्ये दर तीन-चार दिवसांनी बघावं लागतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी यासाठी उघडू नका, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज बादलीत जमवा, ते पुरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ढीग तापायला लागतो. लोखंडी सळई आत खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी ओढून तिचं टोक धरून बघा. हातात धरवत नसेल तर सगळं नीट चाललंय. सळई गारच निघाली तर ओल नाहीतर शेण कमी पडलंय. सकाळी पोतं उचललं की वाफ येते आणि पावसात भिजलेल्या जंगलासारखा वास. पानांवर पांढरी, पिठासारखी जाळी दिसली तर ती कामाची बुरशी आहे, काढू नका. डोळ्यांत जाणारा तिखट वास आला तर शेण जास्त झालं, पानं मिसळा. सडका वास आला तर पाणी जास्त झालं, उपसून परत सैल रचा.

उपसायचं तीनदा: साधारण पंधरा दिवसांनी, मग महिना भरल्यावर, मग दोन महिने झाल्यावर. बाहेरचं आत आणि आतलं बाहेर गेलं पाहिजे, कोरडं दिसेल तिथं पाणी शिंपडायचं. या कामाला पाय झाकणारे बूट आणि हातमोजे हवेतच. ढिगात विंचू किंवा साप आसऱ्याला येऊ शकतो, म्हणून आधी काठीनं हलवा आणि उजेडातच काम करा. गांडुळं विकत आणून ढिगात सोडायची घाई नको, गरम ढिगात ती मरतात. ढीग गार झाल्यावर खालच्या मातीतून आपोआप येतात.

पानांचा ढीग शेवटी चौथ्या हिश्श्याएवढा उरतो. म्हणून सुरुवातीला पोती मोजताना संकोच करू नका, जमतील तेवढी आणा.

थोडी पानं राखून ठेवा

सगळी पानं ढिगात घालू नका. चार पोती कोरडी ठेवा. एप्रिल-मे मध्ये कुंड्या आणि आधीपासूनच्या झाडांच्या बुडाशी तीन बोटं जाड आच्छादन करा, खोडाला चिकटू न देता चार बोटं अंतर सोडून. आधी पाणी द्या, मग पानं घाला. लू सुरू झाली की फरक स्वतः बघा: उघड्या वाफ्यात भेगा, आच्छादनाखाली बोट घातलं की गारवा.

आणि पिंपळाची थोडी चांगली, अखंड पानं वेगळी काढा. हे मी आजीकडून शिकले आणि मुलांसाठी याहून चांगला उद्योग मला माहीत नाही. नुकतं पडलेलं, अजून न चुरणारं पान निवडा. जुन्या माठात पाणी घालून त्यात बुडवा, वर एक छोटा दगड ठेवा. तीन-चार दिवसांनी पाणी बदला, काढलेलं पाणी ढिगावर ओता. दोन ते चार आठवड्यांत पानाचा गर बुळबुळीत होतो. मग ताटात थोडं पाणी घेऊन पान त्यात तरंगू द्या आणि जुन्या मऊ टूथब्रशनं मधल्या शिरेपासून कडेकडे हलक्या हातानं पुसत जा. आधी पान उलटं, मग सुलटं. गर सुटून पाण्यात जातो आणि शिरांची बारीक जाळी उरते, टोकाच्या लांब शेपटीसकट. घाई केली की जाळी कडेला फाटते, विशेषतः देठाजवळ. पाण्यातूनच कागदावर उचला, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून जड वहीखाली वाळवा.

वैशाखात खड्डे, मृगानंतर रोपं

मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डे खणून उन्हात तापू द्या. मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, खत चाळून घ्या. चाळणीखालचं एक घमेलं आणि खड्ड्यातलीच मलबा काढलेली माती दोन घमेली, असं मिसळून खड्डा भरा, जमिनीपेक्षा थोडा उंच. भरलेली माती बसते. एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावा. भर पावसात ओल्या काळ्या मातीवर चालू नका, पायाखाली ती दगडासारखी दाबली जाते आणि मोसमभर मोकळी होत नाही. म्हणून वाफे अशा रुंदीचे करा की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचेल.

काय लावायचं हे प्रत्येकाची आवड, पण भिंतीचा विचार करा. काळी माती मुळात फुगते-आकसते, त्यात मोठ्या झाडाची मुळं पाणी ओढतात. कडुनिंब लावायचाच तर घरापासून पंधरा-वीस फूट लांब. वड-पिंपळ घराच्या आवारात नकोत. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचं बी नव्या गच्चीच्या कोपऱ्यात आणि पाइपाच्या सांध्यात रुजतं, तिथं दोन पानांचं असतानाच उपटा. छोट्या आवाराला सीताफळ फार चांगलं, कमी पाण्यात येतं. पारिजातक, कढीपत्ता, मोगरा, गवती चहा हे नव्या माणसालाही सहज जमतं. लिंबाला उंचवटा करून द्या, बुडाशी पाणी साचलं की ते रुसतं.

दक्षिणेच्या खिडकीसमोर चाफा लावा. थंडीत तो बोडका असतो, ऊन थेट घरात येतं, आणि उन्हाळ्यात ऊन टोचायला लागेपर्यंत त्याला पानं फुटलेली असतात. नव्या घराला थंडीत गारठा फार जाणवतो, वाड्याच्या जाड भिंती इथं नसतात. त्यामुळे हा सल्ला मी प्रत्येक नव्या शेजाऱ्याला आवर्जून देते.

चाळणीवर जे उरतं, म्हणजे सागाच्या शिरा, काड्या, न कुजलेले देठ, ते फेकू नका. विटांच्या चौकटीत परत टाका आणि वरून पन्नी झाका, म्हणजे पावसात वाहून जाणार नाही. त्यात कुजवणारी बुरशी आणि जिवाणू जिवंत असतात. पुढच्या माघात पहिलं पोतं आणाल तेव्हा तळाच्या काड्यांवर हाच थर आधी द्या, नवा ढीग लवकर तापतो.